ताईंची झारी आणि गुलाबी बूच

छतवाल्या ताई. जन्म १९४६, मृत्यू २०१९. शिक्षण शाळा संपेपर्यंत; लग्न केले नाही. व्यवसाय: आरंभी तंबू शिवणे, मग बाबागाड्यांची टोपरी शिवणे, आणि पुढे अखेरपर्यंत उघड्या मोटारींची कापडी छते शिवणे, त्याला जोडून, जुनी उघडी गाडी विकत घेऊ पाहणाऱ्यांना ती तपासून देणे. मागे एक धाकटा भाऊ, एक भावजय, एक शिलाईयंत्र, पत्र्याची एक झारी आणि एक अपुरे काम. त्या अपुऱ्या कामाविषयी योग्य ठिकाणी येईलच.

तंबूच्या कारखान्याने ताईंना धंद्यातले पहिले सत्य शिकवले: ओले कापड घडी करून ठेवले की ते मरते. बाबागाड्यांनी दुसरे शिकवले, की छत कितीही देखणे असले तरी त्याचे खरे काम बिजागरीत असते. उघडी मोटार म्हणजे या दोन्हींची बेरीज, फक्त वेगाने पळणारी, असे त्या म्हणत. कारखाना बंद पडला तेव्हा त्याचे मागचे कोठार त्यांनी मालकांकडून मागून घेतले. लांबच लांब टेबल, त्यावर खडूच्या रेघा, उत्तरेच्या भिंतीला उंचावर काचेची झडप, आणि आढ्याच्या आकड्यांना लोंबणारी छते. नवा माणूस आत आला की आधी वर बघे आणि मग दचके. रबराच्या गोंदाचा आणि मेणदोऱ्याचा वास त्या खोलीतून कधीच गेला नाही. ताई तिथे कायम अनवाणी असत. यंत्राची पट्टी पायाखाली नीट कळायला हवी, हे त्यामागचे कारण. पण पुढे त्या अनवाणी पायांचीच ख्याती झाली.

कारण गाडी तपासतानाही ताई चपला बाहेर काढत. लोकांना आधी वाटे, गाडीचा मान राखतात. मग त्या शेजारच्या जागेवर बसत, चालकाच्या जागेवर कधीच नाही, डोळे मिटत आणि पायांची बोटे गालिच्यात रुतवून स्वस्थ बसून राहत. विकणारा चुळबुळू लागे. "तिकडं काय शोधताय बाई, गाडी इकडं आहे," असे एकाने म्हटल्यावर ताई डोळे न उघडता म्हणाल्या होत्या, "चकाकी मालकाने दाखवायची असते, ओल मला शोधायची असते. तुम्ही तुमचं काम केलंत, आता मला माझं करू द्या."

इंजिनाबद्दल त्या चकार शब्द बोलत नसत. एवढेच करत, की आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवत. तो कोमट लागला तर म्हणत, "गाडी झोपेतून उठवून, तोंड धुवून बसवलेली आहे. मेकॅनिकला उद्या सकाळी बोलवा, तिला थंड असताना सुरू करायला सांगा." बाकीचे त्यांचे राज्य. छत तीनदा उघडायचे, तीनदा मिटायचे, आणि तिसऱ्या वेळी कान द्यायचा. पहिल्या दोन वेळा छताची मोटर लाजेखातर काम करते. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली आहे का आणि घडीच्या रेघेवर तडकली आहे का ते पाहायचे. दारांच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का हे बोट फिरवून बघायचे. ज्या गाडीला वर पत्र्याचे छत नाही, तिचा सगळा भार दाराखालच्या उंबऱ्यांवर असतो. उंबरा गंजला की गाडी मधोमध खचते, आणि ते रंगाने झाकता येते पण फटीला खोटे बोलता येत नाही. म्हणून शेवटी गाडी जॅकवर चढवून दार उघडायचे. दार सुखाने उघडले आणि मिटले तर गाडी उभी आहे. अडले तर गाडी फक्त दिसते आहे.

आणि सर्वांत शेवटी झारी. रबरी नळीने धुतल्यासारखे पाणी मारलेले त्यांना खपत नसे. "नळीच्या पाण्याला जोर असतो, पावसाला वजन असतं," त्या म्हणत, आणि पत्र्याच्या झारीने छताच्या मागच्या उतारावर सावकाश पाणी सोडत. त्या वेळी आत कोणीतरी बसलेले असावेच लागे.

त्यांचा एक नियम मात्र गिऱ्हाइकांना जड जाई. जो दोष सापडेल तो विकणारा आणि घेणारा, दोघांसमोर, एकाच वेळी, मोठ्याने सांगायचा. उमेदीच्या काळात त्यांनी एकदा एका घेणाऱ्याच्या कानात दोष सांगितला होता, आणि त्या सद्गृहस्थाने त्या एका दोषाचे पाच करून विकणाऱ्या म्हाताऱ्याला रडकुंडीला आणले होते. त्यानंतर ताई कानात बोलल्या नाहीत. "कानात सांगितलेला दोष वितो," त्या म्हणत. नात्यागोत्यालाही हा नियम लागू होता, आणि धाकट्याला ते चांगले ठाऊक होते.

धाकटा म्हणजे ताईंचा भाऊ. केस पांढरे झाले, नोकरीतून निवृत्त झाला, तरी घरीदारी त्याचे नाव धाकटाच राहिले. त्याचे काम कवळ्या बनवण्याचे. दंतवैद्यांच्या एका प्रयोगशाळेत, खिडकी नसलेल्या खोलीत, तोंडाला फडके बांधून त्याने सगळी उमेद लोकांचे दात घासण्यात घालवली. घासताना उडणारी पांढरी पूड डोळ्यांच्या पापण्यांवर बसे. कवळी बसली पाहिजे, एवढाच त्याचा धर्म; आणि त्याने बसवलेली कवळी परत आल्याचे कोणाला आठवत नाही. त्या खोलीत बसून त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती: एक दिवस उघड्या गाडीत बसायचे आणि तोंड वाऱ्याला द्यायचे. फडके न बांधता.

त्याची बायको याला मुळीच राजी नव्हती, आणि तिचे चुकत होते असे म्हणता येणार नाही. याआधी त्याने हौसेने एक जुनी मोटारसायकल घेतली होती. ती घरी आली ती ढकलत, आणि त्यानंतर बोळात उभी राहिली ती राहिलीच. तिच्या हँडलवर भावजय पुसणी वाळत घालत असे. "एवढा उपयोग तरी होतो," असे ती पाहुण्यांना सांगे आणि धाकटा वर्तमानपत्र चेहऱ्यापर्यंत उचली.

म्हणून जेव्हा जनावरांच्या डॉक्टरांची दोन आसनी, गडद हिरवी, उघडी गाडी विकायची असल्याचे त्याला कळले, तेव्हा घरात एक दिवस अबोला, मग एक दिवस वाद, आणि शेवटी तह झाला. तहाची अट भावजयीने घातली.

"वन्सं बघतील. त्या घ्या म्हणाल्या तर घ्या. नको म्हणाल्या तर हा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये. तुमच्या डोळ्यांदेखत मी ती मोटारसायकलही भंगारवाल्याला देईन."

"मान्य," धाकटा म्हणाला. न म्हणून करतो काय? त्याच्या सगळ्या आयुष्याचा वारा आता ताईंच्या पायांच्या बोटांवर येऊन ठेपला होता.

डॉक्टर मनुष्य भला होता. दवाखाना बंद करून ते मुलीकडे राहायला निघाले होते, आणि मुलीचे घर तिसऱ्या मजल्यावर. गाडी ठेवायला जागा नाही. "हिला मी कधी पावसात काढली नाही," ते अभिमानाने सांगत. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, जनावरे तोलायच्या काट्याशेजारी ती गाडी उभी असे. शेडवर एका मोठ्या झाडाची फांदी आलेली होती आणि शेडचा एक पत्रा कधीचा उडालेला होता, ह्याकडे डॉक्टरांचे लक्ष नव्हते. धाकट्याचेही गेले नाही. प्रेमात पडलेल्या माणसाची मान वर होत नाही.

ताई यायच्या आदल्या दिवशी धाकट्याने डॉक्टरांकडून किल्ली मागून घेतली. म्हणाला, "जरा धुऊन पुसून ठेवतो." डॉक्टर म्हणाले, "अहो, विकणारा मी, धुताय तुम्ही?" धाकटा हसला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हा.

धुताना त्याने सहज शेजारच्या आसनामागे हात घातला, आणि हात ओला निघाला. गालिचा ओला होता. आजच्या धुण्याने नव्हे. वासावरून ओल जुनी होती.  उद्या ताई चपला काढणार, पाय टेकणार, आणि संपले.

तो गुडघ्यांवर बसून शोधू लागला. छताचे कापड जिथे मागे गाडीच्या अंगाला मिळते, तिथे आतल्या बाजूने एक अरुंद पन्हळ होती. अंदाज घ्यायला त्याने तिच्यात थोडे पाणी सोडले. पाणी पन्हळीतून सरकत कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथल्या एका भोकात हळूहळू, अनिच्छेने उतरू लागले.

"सापडलं!" धाकटा स्वतःशीच म्हणाला. पाणी भोकातून आत जाते, म्हणून गालिचा भिजतो. भोक बुजवले की काम झाले. त्याने आयुष्यभर हेच केले होते. जिथे फट, तिथे मसाला. कवळी आणि हिरडी यांमध्ये फट राहिली तर अन्न शिरते, दुखते, माणूस परत येतो. फट म्हणजे दोष, याखेरीज दुसरा अर्थ त्याच्या बोटांना ठाऊक नव्हता.

घरी जाऊन त्याने कपाटातून कवळीची हिरडी बनवायची गुलाबी पूड आणि तिचे औषध आणले, वाटीत कालवले आणि भोकात दाबून बसवले. काही वेळात ते दगडासारखे झाले. इथे तरी त्याने थांबायला हवे होते. पण हातांना राहवेना. खडबडीत काम मागे ठेवून जाणे त्याला जन्मात जमले नव्हते. त्याने ते बूच बारीक कागदाने घासले, मग फडक्याने उजळले, इतके की ते जिवंत हिरडीसारखे चमकू लागले. मग गालिचा बाहेर काढून उन्हात टाकला, बायकोच्या हेअर ड्रायरने कोपरे वाळवले, आणि कुबट वास जावा म्हणून कामाच्या खोक्यातले लवंगेचे तेल शिंपडले. संध्याकाळी गाडीकडे बघताना त्याला वाटले, इतकी चांगली कवळी आपण कोणालाच बसवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात ताई आल्या, हातात झारी, खांद्याला पिशवी. मागून भावजय. डॉक्टरांनी खुर्च्या मांडल्या होत्या. ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मान हलवली, थंड होते. मग शेजारच्या बाजूचे दार उघडले, चपला काढल्या, आत बसल्या, डोळे मिटले.

धाकटा दाराशी उभा. अंगणाच्या पलीकडे पिंजऱ्यात एक कुत्रे कण्हत होते, तेवढाच आवाज.

"डॉक्टर," ताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुमचे दात दुखतात का हो?"

"माझे? नाही बुवा. का?"

"गाडीत लवंगेच्या तेलाचा वास येतोय."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिले. धाकट्याने आकाशाकडे पाहिले.

"आणि गालिचा फार कोरडा आहे," ताई पुढे म्हणाल्या. "पापडासारखा कडक. अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा गालिचा असा नसतो. थोडी ओल हवेची असतेच. हा कोणीतरी वाळवलाय."

"मी तर हातसुद्धा लावला नाही," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तुम्ही बघा सगळं, माझी ना नाही. धर्माची गाय आणि दात काय म्हणतात, पण ही धर्माची नाही, विकायची आहे. दात बघायलाच हवेत."

"दातांचं म्हणाल तर ते खातं माझ्या भावाचं," ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

लवंगेच्या तेलाने धाकट्याचा धीर थोडा खचला होता. पण बुचावर त्याचा भरवसा अढळ होता. उलट आता पाण्याची परीक्षा झाली की सगळे संशय फिटतील, असे त्याला वाटले. तो पुढे सरसावला.

"ताई, तू आधी पाणीच टाक. हवं तेवढं टाक!" मग तो बायकोकडे वळला. "आणि अगं, तू बस ना आत. बघ कशी कोरडी राहतेस."

"मी?" भावजय म्हणाली.

"तूच. म्हणजे तुझी खात्री पटेल."

छत चढवले, खटके लावले. भावजय पदर सावरून आत बसली. ताईंनी झारी भरली आणि मागच्या उतारावर पाणी सोडू लागल्या, सावकाश, जसे रोपाला घालावे तसे. धाकटा हात पाठीमागे बांधून उभा होता, बक्षीस समारंभाला उभा असावा तसा.

क्षणभर काही झाले नाही. मग आतून एक किंकाळी आली.

"अगं आई गं! अहो! माझ्या पाठीत!"

दार धाडकन उघडले. भावजय बाहेर आली तेव्हा तिची पाठ कमरेपर्यंत चिंब होती आणि चपलांमधून पाणी पचपच वाजत होते. डॉक्टर खुर्चीवरून उठले. धाकट्याच्या तोंडचे पाणी पळाले. ते बायकोच्या पाठीवर गेले होते.

"कोरडी राहीन म्हणे," भावजय म्हणाली. एवढेच. ओरडली असती तर बरे झाले असते.

ताईंनी झारी खाली ठेवली. त्या आसनामागे वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की धाकट्याला एकदम लहानपणची फुटलेली बरणी आठवली.

"डॉक्टर, इकडे या. अगं, तूही ये. धाकट्या, तू तर येच. एक दोष सापडलाय, तो सगळ्यांसमोर सांगते. या पन्हळीच्या कोपऱ्यात एक भोक असतं. छतावरचं पाणी पन्हळीत येतं, भोकात जातं, आणि आतल्या नळीने गाडीखाली जमिनीवर पडतं. ते गाडीचं नाक म्हणा, मोरी म्हणा. ते मोकळं असलं तरच आतला माणूस कोरडा राहतो. आणि ते भोक कोणीतरी बंद केलंय."

"मी नाही!" डॉक्टर म्हणाले.

"मला ठाऊक आहे तुम्ही नाही. बूच गुलाबी आहे. आणि असं चकचकीत केलंय, की आता त्यावर दात तेवढे बसवायचे राहिलेत." त्यांनी भावाकडे पाहिले. "आपलेच दात, आपलेच ओठ. काय बोलू?"

 धाकटा म्हणाला, "मला वाटलं, त्या भोकातूनच पाणी आत येतं."

"म्हणून बुजवलंस."

"हो."

"आणि उजळलंस?"

"खडबडीत दिसत होतं," धाकटा म्हणाला.

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात घातले. पण भावजय हसत नव्हती. ती पदर पिळत होती. "म्हणजे मला फसवायला निघालात. घरात ती एक पुसणी वाळवायची गाडी पुरे नव्हती. वन्सं, संपलं. अट ती अट. गाडी नको."

 धाकटा खरेच हरला होता, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्वतःच्या हाताने. चांगले काम करण्याच्या सवयीने.

"थांब गं," ताई म्हणाल्या. "अट काय होती? मी गाडी बघायची आणि सांगायचं. मी अजून गाडी बघितलीच नाही. आत्तापर्यंत मी फक्त माझा भाऊ बघितलाय, आणि त्याची परीक्षा मला नवी नाही."

"पण वन्सं..."

"भाऊ नको म्हणायचा असेल तर म्हण, तो तुझा हक्क. गाडीचं माझ्यावर सोड."

त्यांनी पिशवीतून विणायची आकडी काढली. बुचाच्या कडेने ती फिरवत, हिसके न देता, त्यांनी ते सैल केले. ते निघाले तेव्हा अखंड निघाले. कवळीकाराचे काम होते. आणि त्याच्यामागोमाग आकडीला लागून काळी, कुजलेली पाने निघू लागली. कितीतरी पाने, चिखल, एक वाळलेला चतुर. ताईंनी वर पाहिले. वर फांदी होती आणि पत्र्याची उघडी जागा होती.

"डॉक्टर, तुम्ही गाडी पावसात काढली नाहीत, हे खरं. पाऊसच तिच्याकडे येत होता, आणि मोरी पानांनी तुंबली म्हणून आत उतरत होता."

डॉक्टरांनीही वर पाहिले. पहिल्यांदाच. "अरे वा," ते ओशाळून म्हणाले. "हे माझ्याकडे लागलं."

मग ताईंनी खरी तपासणी केली, आणि धाकट्याने त्यांना इतके एकाग्र पूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी दारांच्या फटींतून बोट फिरवले. रबरी पट्ट्या उचलून त्यांखाली दुसऱ्या रंगाचा थर आहे का ते बघितले, कारण अपघात लपवणारा रंगारी रबराखाली आळस करतो. टायरांच्या आतल्या आणि बाहेरच्या कडा चाचपल्या. गालिचा पूर्ण उचलून लाकडी मुठीने तळ ठोकत ठोकत गेल्या: टण, टण, टण, आणि डाव्या बाजूला एका जागी, थप्प. पुन्हा ठोकले. थप्प. तिथे खडूने वर्तुळ काढले. मग गाडी जॅकवर चढवून म्हणाल्या, "धाकट्या, दार उघड."

 त्याने दार उघडले. मिटले. दार असे मिटले, की त्याच्या बोटांनी ते ओळखले: वरची आणि खालची दाढ नेमकी जुळली की येतो तोच मऊ, भरीव आवाज. तो ताईंकडे वळला. त्यांनी मान हलवली नाही, पण डोळे मिचकावले.

"आता पुन्हा पाणी," त्या म्हणाल्या. "आत कोण बसतं?"

"मी बसतो," धाकटा घाईने म्हणाला.

"तुम्ही नका," भावजय म्हणाली. "तुम्ही भिजलात तरी नाही म्हणाल. मीच बसते. आता आणखी काय भिजायचंय?"

ताईंनी आसनामागचे पाणी फडक्याने टिपून घेतले, मग ती ओल्या आसनावर पुन्हा बसली, दार लावून घेतले. ताईंनी झारी रिकामी केली, भरली, पुन्हा रिकामी केली. गाडीखाली, मागच्या चाकाशी, काळ्या पाण्याची एक धार लागली, मग ती उजळ झाली. आतून आवाज आला नाही. दार उघडून भावजयीने हात आसनामागे फिरवला, हाताकडे पाहिले, आणि तो साडीला न पुसता नवऱ्यासमोर धरला. कोरडा होता.

ताईंनी सगळ्यांना समोर उभे करून मोठ्याने सांगितले. गाडीचा सांगाडा चांगला. उंबरे पक्के. अपघाताची खूण नाही. डावीकडे तळाला गंज आहे, आरपार नाही. तो खरवडून रंगवून डॉक्टरांनी द्यावा, कारण तो त्यांच्या झाडाने केला आहे. मागची काच पिवळी आहे, दिसेल, पण धुरकट. छताचे कापड ओले असताना कधीतरी मिटलेले आहे, घडीवर मेले आहे. दोन वर्षे चालेल, तोवर नवे मी शिवीन. इंजिन मेकॅनिकने थंड असताना पाहावे. आणि मोरीची भोके दर महिन्याला घेणाऱ्याने आकडीने साफ करावीत, "बुजवू नयेत."

"म्हणजे घ्यावी?" धाकट्याने विचारले.

"मला विचारू नकोस. अट कोणाची होती?"

धाकटा बायकोकडे वळला. तिने पदर झटकला. "वन्संनी गाडी चांगली म्हटलंय, मी शब्द फिरवणार नाही," ती म्हणाली. "पण ती मोटारसायकल जाईल. आणि त्या भोकांना तुम्ही हात लावायचा नाही. आकडी माझ्याकडे राहील."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, जनावरं तपासताना मी हाच नियम लावतो. औषध कोणाच्या हातात द्यायचं ते आधी ठरवतो."

या ठिकाणी हकिकत संपली असती, पण माणसाच्या आयुष्याचे हिशेब व्यवहाराबरोबर संपत नाहीत. मेकॅनिकने इंजिन पाहिले, डॉक्टरांनी तळ खरवडून दिला आणि शेडवर नवा पत्राही घातला, कोणासाठी ते त्यांनाच ठाऊक. गाडी आली. मोटारसायकल गेली. धाकट्याने पहिल्यांदा छत उघडून गाडी काढली तेव्हा परत येईपर्यंत त्याचे डोळे लाल झाले होते. वाऱ्याने, असे त्याने सांगितले, आणि घरात कोणी हटकले नाही.

गुलाबी बूच ताईंनी ठेवून घेतले. त्यांच्या कोठाराच्या काचेच्या झडपेखाली ते असे, आणि गाडी तपासायला बोलावणाऱ्या प्रत्येकाला त्या ते हातात देत. "विकणाऱ्याला घाबरू नका," त्या म्हणत, "तो लपवेल ते मी शोधीन. तुम्ही स्वतः काय लपवताय ते आधी सांगा." हे ऐकून खूप गिऱ्हाइके हसली, आणि काहींनी खाली मान घालून सांगितलेही.

धाकट्याच्या गाडीचे नवे छत ताईंनी त्याच वर्षी हिवाळ्यात बेतले. कापड आणले, टेबलावर पसरले, खडूने रेघा मारल्या, कापले, आणि गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. मग गिऱ्हाइकांची कामे आली, आणि घरचे काम मागे पडते तसे ते पडले. धाकटा कधी आठवण करून देई, तर म्हणत, "दोन वर्षं म्हटलंय ना? होऊ देत की." दोन वर्षे झाली, पुढेही वर्षे गेली. ताई त्या गाडीत अनेकदा बसल्या, अनवाणी, शेजारच्या जागेवर. छत उघडू का, असे त्याने विचारले की म्हणत, "उघड्या गाडीत मला बघण्यासारखं काही नसतं रे."

त्या गेल्यावर निस्तरायचे फार नव्हते. शिलाईयंत्र तंबूच्या कारखान्यात त्यांच्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीकडे गेले. बूच धाकट्याने आणले. झारी भावजयीने मागून घेतली, आणि आता ओळखीपाळखीचे कोणी जुनी उघडी गाडी घेणार असेल तर ती जाते. झारीने पाणी धाकटा घालतो, आत ती बसते. पुन्हा कधी भिजलेली नाही, असे नाही.

कापडाचा गुंडाळा घरी आला आहे. खडूच्या रेघा अजून स्पष्ट आहेत. त्या मैत्रिणीने स्वतःहून सांगितले, की रेघा इतक्या नीट आहेत, आठवड्याभरात शिवून देईन. धाकटा तयार होता. भावजय म्हणाली, "जुनं गळतंय का?"

"नाही."

"मग वन्संनी सांगितलं तसं होऊ दे. आधी ते फाटू दे."

जुने छत अजून फाटलेले नाही. ताईंचा दोन वर्षांचा अंदाज साफ चुकला, तेवढा एकच. दर महिन्याच्या सुरुवातीला भावजय आकडी घेऊन खाली उतरते, आसनामागे वाकते, भोके साफ करते, आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे न बघताच म्हणते, "हात पाठीमागे ठेवा."